पेशव्यांची बाग आणि लोकांचा उन्हाळा

वैशाखातले ऊन म्हणजे काय, हे आम्हां वऱ्हाडकरांना कोणी पुस्तकातून शिकवायला नको. पारा पंचेचाळिसाकडे झुकू लागला, की दुपारी बारा ते पाच आमच्या पांढरकवड्याचे रस्ते ओस पडतात. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एखादा सायकलवाला आणि सावली शोधणारी जनावरे, एवढीच काय ती हालचाल. घराघरांत कूलरची घरघर चालू, माठ पुन्हा पुन्हा भरले जाताहेत, पन्ह्यासाठी कैऱ्या उकडल्या जाताहेत. गाव जागे होते ते दिवस कलल्यावर. मग प्रश्न उभा राहतो तो असा: ह्या जाग्या झालेल्या गावाने जावे कुठे? मुलांना दोन महिने सुटी. म्हाताऱ्यांना घरात गुदमरते. बायकांना दिवसभराच्या चुलीनंतर घटकाभर मोकळी हवा हवी असते. ज्या गावात सार्वजनिक बाग आहे, तिथे ह्या प्रश्नाला उत्तर आहे. जिथे नाही, तिथे बसस्थानकाचा कट्टा आणि पानठेला हीच उद्याने होतात.

तेव्हा यंदाच्या वसंतात ह्या विषयावर चार शब्द बोलावे असे आम्ही ठरवले. पण बाग ही वस्तू हवेतून येत नाही. तिला जमीन लागते, पाणी लागते, आणि त्याहून अवघड म्हणजे ही जागा सर्वांची आहे असे मानणारे मन लागते. ह्या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी कशा जमल्या आणि त्यांतले काय हातचे निसटले, हे पाहायचे तर पुण्याच्या पर्वतीखालच्या जागेइतके बोलके उदाहरण आम्हांला दुसरे दिसत नाही. नागपूरचे महाराजबाग आम्हांला जवळचे, तेही राजाचेच. भोसल्यांच्या त्या बागेत आज कृषी महाविद्यालयाच्या देखरेखीखाली झाडे आणि प्राणी आहेत. तरीही आम्ही पुणे निवडले, त्याला एक कारण आमच्या तालुक्यातलेच आहे. ते ओघाने येईलच.

नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या टेकडीवर देवदेवेश्वराचे देऊळ बांधले ते १७४९ च्या सुमारास. देऊळ झाले, तसे टेकडीच्या पायथ्याचेही काही करावे असे त्यांच्या मनात आले. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा त्या बाजूने शहरात शिरे. पावसाळ्यात तो उच्छाद मांडी आणि उन्हाळ्यात कोरडा पडे. नानासाहेबांनी त्याला बांध घालून पायथ्याशी तळे केले आणि ओढ्याचा प्रवाह शहराच्या पेठांतून काढून पश्चिमेकडे मुठेला नेऊन सोडला. त्याच काळात कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणण्याचे काम झाले. त्या नळावर हवा खेळावी म्हणून ठिकठिकाणी बांधलेले उच्छ्वास जुन्या पुणेकरांनी पाहिलेले आहेत. सांगायचे हे, की बागेचा विचार आणि शहराच्या पाण्याचा विचार एकाच डोक्यात, एकाच वेळी चालला होता.

तळ्याचे काम रेंगाळले, तेव्हा नानासाहेब स्वतः हत्तीवरून उतरून दगड उचलू लागले आणि ते पाहून सरदारांनाही हात लावणे भाग पडले, अशी कथा सांगतात. कथेतले खरे किती ते सोडून देऊ. धन्याने घाम गाळला की मानकऱ्यांनाही घाम येतो, एवढे मात्र तीत शंभर टक्के खरे आहे. तळ्याच्या मध्यभागी सुमारे पंचवीस हजार चौरस फुटांचे एक बेट राखले होते. त्यावर बाग केली, तीच सारसबाग. सारस हे पाण्यावरच्या पक्ष्याचे नाव. नाव ठेवणाऱ्याला पाणी दिसत होते हे त्यावरून कळते. पुढे १७८४ साली सवाई माधवरावांनी त्या बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना केली, आणि लोक त्याला तळ्यातला गणपती म्हणू लागले. आज तळे नाही, पण गणपती अजून तळ्यातलाच आहे. थंडीच्या दिवसांत त्याला लोकरीचा स्वेटर आणि टोपी घालतात. आमच्याकडच्या एखाद्या आजीलाही हे कौतुक पटेल.

त्या तळ्यात नाव चाले. गुप्त मसलत करायची असली की पेशवे नावेत बसून पाण्यावर जात, आणि नाव वल्हवायला मराठी न समजणारे हबशी ठेवलेले असत, असे सांगतात. तळ्याच्या काठी हिराबागेत वाडा होता, आंब्यांची आणि नारळांची झाडे होती. १८०३ साली लॉर्ड व्हॅलेन्शिया हा इंग्रज प्रवासी पुण्यात आला, तेव्हा दुसऱ्या बाजीरावांनी त्याला ह्याच हिराबागेत मेजवानी दिली. पायथ्याशीच सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. तिथे सिंह होता, गेंडा होता, आणि गाणे सुरू झाले की झोपाळ्यावर बसून डोलणारी माणसाळलेली काळविटे होती, असे वर्णन इंग्रज पाहुण्यांनी लिहून ठेवले आहे. पण ही काळविटे पाहणार कोण? पेशवे, नाना फडणीस आणि त्यांनी बोलावलेले पाहुणे. शहरातल्या कुणब्याच्या पोराने ती पाहिली असतील तर कुंपणाच्या फटीतून. बाग होती, सावली होती, पाणी होते. सार्वजनिक मात्र त्यात काही नव्हते.

आता आमच्या तालुक्याचे कारण. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, ती दुसऱ्या बाजीरावांनी पर्वतीवरून पाहिली. खाली तळे, तळ्यात सारसबाग, काठाला हिराबाग, आणि समोर आपले राज्य हातचे जात आहे. त्यानंतर ते पळत राहिले. फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले. नागपूरच्या आप्पासाहेबांची मदत मिळेल ह्या आशेने बाजीराव चांद्याच्या रोखाने निघाले, पण वाट अडली. १८१८ च्या एप्रिलात, ऐन उन्हाळ्यात, पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्यांना गाठले आणि तिथे त्यांच्या फौजेची पार दाणादाण झाली. जून उजाडताच ते माल्कमच्या स्वाधीन झाले आणि ब्रह्मावर्ताला गेले. म्हणजे पर्वतीखालच्या बागेचा शेवटचा पेशवा धनी आपल्या राज्याची शेवटची आशा सोडून गेला, तो आमच्या ह्या तापलेल्या काळ्या मातीत. शाळेतल्या मुलांना पानिपत सांगतात, खडकी सांगतात. शिवणी सांगत नाहीत. तालुक्यातल्या शिक्षकांनी ती सांगावी अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

धनी गेला. बागेचे काय झाले? पुण्यात बाग हे नाव लावणाऱ्या जागा मोजल्या तर त्याचे उत्तर मिळते. तुळशीबागेत राममंदिर आहे आणि त्याच्याभोवती बायकांच्या खरेदीचा बाजार. बेलबागेत विष्णूचे देऊळ. रमणबागेत शाळा. विश्रामबागेचा वाडा आहे, बाग नाही. झाडे गेली, नावे राहिली. धनी गेलेल्या बागेचे सर्वत्र असेच होते. तिच्यावर कोणाचेच लक्ष नसते, आणि डोळा मात्र पुष्कळांचा असतो. हिराबाग त्यातल्या त्यात नशिबाची. तिथे टाऊन हॉल झाला आणि सभा भरू लागल्या. १८८५ साली राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेत भरावयाचे ठरले होते. पटकीची साथ आली म्हणून ते ऐनवेळी मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावे लागले. पटकी आली नसती, तर राष्ट्रीय सभेचा जन्म पुण्याच्या बागेत लागला असता.

आणि श्रोतेहो, ज्या व्याख्यानमालेच्या निमित्ताने आपण येथे जमलो आहोत, तिचे मूळही त्याच शहरातले आणि त्याच ऋतूतले. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ऐन उन्हाळाच का, असे कोणी विचारील. कोर्टांना सुटी, कॉलेजांना सुटी, वकील आणि अध्यापक मोकळे, बाहेरगावचे विद्वान घरी आलेले, आणि संध्याकाळी घरात बसवत नाही. उकाड्याने माणसे बाहेर काढली आणि रानड्यांनी त्यांना ऐकायला बसवले. उन्हाळ्याची सुटी ही रिकामी वेळ नसून समाजाच्या हाती आलेले भांडवल आहे, ही दृष्टी त्यांची. पुढे गावोगाव, तालुक्याच्या ठिकाणीही, अशा माला निघाल्या. उद्यान आणि व्याख्यानमाला ह्या आम्हांला सख्ख्या बहिणी वाटतात. दोन्ही फुकट, दोन्ही उघड्या, आणि दोन्हींत शेजारी कोण येऊन बसेल ह्याचा नेम नसतो.

लोकांच्या पैशातून लोकांसाठी बाग करायची ही कल्पना जगातही फार जुनी नाही. इंग्लंडात बर्कनहेड येथे नगराच्या पैशातून केलेले उद्यान १८४७ साली उघडले. ते पाहून अमेरिकेचा ऑल्मस्टेड इतका भारावला, की न्यूयॉर्कच्या मध्यवर्ती उद्यानाची आखणी करताना तेच त्याच्या मनात होते. मुंबईची राणीची बाग १८६२ ची. ती आरंभी एका संस्थेची होती, १८७३ मध्ये म्युनिसिपालिटीकडे आली, आणि आज तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे. कोकणातला चाकरमानी पाहुण्यांना मुंबई दाखवायला निघाला, की राणीची बाग चुकत नसे.

पुण्याला महानगरपालिका मिळाली ती १९५० मध्ये. तीनच वर्षांनी, १९५३ साली, तिने पर्वतीच्या त्या तळ्याच्या जागेत पेशवे पार्क उघडले. तोवर तळे गाळाने आणि काळाने गेलेले होते. स्वराज्य नवे, पालिका नवी, आणि पहिल्या कामांत मुलांची बाग हाती घेतली, ह्याचे आम्हांला मोठे अगत्य वाटते. जिथे पेशव्यांचा शिकारखाना होता त्याच परिसरात आता वाघ, सिंह, माकडे, मोर आले. फरक एवढाच, की पाहणारा आता कोणीही असू शकत होता. १९५६ च्या एप्रिलात, म्हणजे मुलांच्या परीक्षा संपता संपता, फुलराणी ही छोटी आगगाडी सुरू झाली. बालकवींच्या कवितेने घरोघर पोहोचलेले हे नाव गाडीला देणाऱ्याची रसिकता थोर. ह्या गाडीने कोणाला कुठे पोहोचवले नाही. ज्या ठिकाणी बसले त्याच ठिकाणी उतरायचे. तरीही सुटीत पुण्याला मामाकडे गेलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना विचारा; दख्खनच्या राणीपेक्षा हीच गाडी त्यांना जास्त आठवते.

उन्हाळ्यातला तिथला दिवस कसा असतो? पहाटे फिरणारे येतात. निवृत्त मंडळींचे ठरलेले बाक असतात आणि त्या बाकांवर देशाचे अंदाजपत्रक रोज नव्याने मांडले जाते. ऊन चढले की बाग ओस पडते. चार-साडेचारला मुले येऊ लागतात. झोपाळे, घसरगुंडी, गाडीची रांग. दिवेलागणीला सारसबागेतल्या गणपतीचे दर्शन, मग हिरवळीवर बैठक, मग बाहेर भेळ. नवा जोडीदार ठरवण्याची पहिली भेट इथे, नातवंडाचे पहिले पाऊल इथे, आणि ज्याच्या खोलीत पंखा नाही त्या विद्यार्थ्याचा अभ्यासही इथेच. एकाच जागेचा इतक्या परींनी उपयोग होतो, आणि त्यासाठी कोणाला कोणाची परवानगी काढावी लागत नाही. सार्वजनिक ह्या शब्दाचा अर्थ आम्हांला तिथे जितका स्वच्छ कळतो, तितका कोशात कळत नाही.

पण ह्या गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर आमचे सांगणे एकांगी होईल. शहर वाढले, बागेभोवती वाहनांचा गोंगाट वाढला, आणि लहान पिंजऱ्यांतल्या जनावरांचे हाल दिसू लागले. कात्रजला मोठ्या जागेत प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये सुरू झाले, आणि २००५ पर्यंत पेशवे पार्कातले प्राणी हलवून तिथे ऊर्जा उद्यान करण्यात आले. जुन्या पुणेकरांना हळहळ वाटली. आमच्या मते झाले ते योग्यच. टिपेश्वरचे अभयारण्य ज्यांच्या उशाशी आहे, त्या आमच्या तालुक्यातल्या मुलांना तरी वाघ म्हणजे पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारे जनावर आहे असे वाटू नये.

त्याहून गंभीर गोष्ट पाण्याची. तळे गेले, आणि आंबिल ओढ्याच्या काठाने वस्ती दाटत गेली. पात्र आक्रसले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मोठा पाऊस झाला आणि तोच ओढा घरांत शिरला. पुणे आणि परिसरात त्या पुराने वीसहून अधिक माणसे गेली. पेशव्यांचे तळे असते तर हे टळलेच असते, असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. शहर आता शेकडो पटींनी वाढले आहे. परंतु ओढ्याला पसरायला जागा लागते, ही गोष्ट १७५० साली ठाऊक होती आणि मधल्या काळात ती आपण विसरलो. बाग म्हणजे केवळ फुले आणि बाके नव्हेत. पावसाळ्यात पाणी मुरवणारी आणि उन्हाळ्यात तेच परत देणारी ती जमीन असते. पुण्यात फुले राहिली, मुरणारी जमीन गेली.

मुरलेले पाणी परत कसे मिळते, हे आमच्या ह्या भागाच्या दृष्टीने नीट समजून घेण्याजोगे आहे. माठाचे पाणी गार का होते, हे आपण जाणतो: बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठाची उष्णता घेऊन जाते. झाड हा असाच एक माठ आहे. मुळांनी खोलातले पाणी ओढायचे आणि पानांवाटे वाफ करून सोडायचे. म्हणून कडुनिंबाखालची सावली आणि पत्र्याखालची सावली सारखी नसते. पत्रा ऊन अडवतो, पण स्वतः तापून खालच्या माणसाला भाजतो. निंब ऊन अडवतो आणि तापतही नाही. आमच्याकडे म्हातारी माणसे खाट निंबाखालीच टाकतात. त्यांनी हे शास्त्र पुस्तकात वाचलेले नाही, अंगाने वाचले आहे.

ह्यावरून आम्ही एक मत बनवले आहे आणि ते काहींना रुचणार नाही. पुण्याची हिरवळ आपण उचलू नये. लॉन नावाचे ते गवत उथळ मुळांचे. मे महिन्यात त्याला रोज पाणी पाजावे लागते, आणि त्या बदल्यात ते कणभर सावली देत नाही. ज्या गावात उन्हाळ्यात नळाची वाट पाहत घागरी ओळीने मांडलेल्या असतात, तिथे गवताला पाणी घालणे ही थट्टा आहे. वड, पिंपळ, निंब, करंज, चिंच, मोह ही इथल्या मातीची झाडे. पहिली तीन-चार वर्षे उन्हाळ्यात जपली, की पुढे ती आपले पाणी आपण शोधतात. मधून बहावा लावावा. ऐन वैशाखात, बाकी सारे करपलेले असताना, त्याची पिवळी झुंबरे डोळ्यांना थंडावा देतात. गुलमोहर दिसायला सुंदर खरा, पण तो मादागास्करचा पाहुणा आहे आणि वादळी पावसात त्याच्या फांद्या पटकन मोडतात. मुले खेळतात त्या बाजूला तो लावू नये.

नगरातल्या ज्या मंडळींच्या हाती अशा कामाचा निर्णय असतो, त्यांच्यापुढे बहुधा कारंजे, रंगीत दिवे आणि मोठी कमान ह्यांचे नकाशे येतात. कमानीचे उद्घाटन एका दिवसात होते. झाडाचे उद्घाटन करायला पंधरा वर्षे थांबावे लागते, आणि तोवर खुर्चीवर दुसरा कोणी असतो. अडचण इथे आहे, पैशात नाही. नानासाहेबांनी आंबिल ओढ्याचे तळे केले, त्या तळ्यावरचा गणपती त्यांच्या नातवाने बसवला, आणि त्या जागेत मुलांची गाडी धावली ती दोनशे वर्षांनी, लोकांच्या पालिकेच्या हातून.

तेव्हा केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याला असो की मोठ्या एखाद्या गावी असो, उन्हाळ्यातली बाग उभी करायची तर आरंभ असा करावा असे आम्हांला वाटते. गावाच्या उताराकडची जागा निवडावी, म्हणजे पावसाचे पाणी आपण होऊन तिथे येईल. तिथे फार खोल नाही असे एक शेततळ्यासारखे तळे खणावे. जानेवारीत ते आटले तरी हरकत नाही, पाणी जमिनीत गेलेले असेल. खणलेल्या मातीचा काठ करून त्यावर निंब आणि करंज लावावेत. प्रत्येक शाळेच्या एका वर्गाने दहा रोपे वाटून घ्यावीत आणि सुटीत पाणी घालायच्या पाळ्या लावाव्यात. उन्हाळी शिबिरात कागदाची फुले करण्यापेक्षा ह्यात मुलांचे मन अधिक रमते. बाग पहाटे पाचला उघडावी, रात्री दहापर्यंत खुली ठेवावी, दिवे असावेत, आणि दाराशी दोन मोठे माठ भरलेले असावेत. व्याख्यानमालेची एखादी संध्याकाळ, झाडे मोठी होण्याची वाट न पाहता, तिथेच सतरंज्या टाकून घ्यावी.